नवी मुंबई विमानतळ : सोलर पॅनेल ठीक आहेत, पण पाण्याचं काय?

खाडीवारा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून आमच्या पनवेलच्या प्रत्येक व्हॉट्सॅप ग्रुपवर कमळाच्या आकाराच्या टर्मिनलचे फोटो आणि खाली 'हरित विमानतळ' असं लिहिलेले मेसेज फिरतायत. विमानतळ झाला ह्याचा मला मनापासून आनंद आहे. इथल्या पोरांना घराजवळ नोकऱ्या मिळतील, पहाटेच्या फ्लाइटसाठी रात्री एकला उठून अंधेरी गाठायची वेळ येणार नाही. पण हरित म्हणजे नेमकं काय, ते मोजायचं कसं, ह्यावर कुठेच नीट बोललं जात नाही म्हणून हा धागा काढतोय.

जाहीर झालेल्या गोष्टी म्हणजे साधारण ४७ मेगावॅट सौरऊर्जा, शाश्वत विमान इंधन (वापरलेलं तेल, शेतातला काडीकचरा अशांपासून केलेलं) साठवायची सोय आणि इलेक्ट्रिक बस. तिन्ही चांगल्याच आहेत. पण हा विमानतळ उभा कुठे आहे ते बघा ना. ११६० हेक्टर जागा, एका बाजूला गढी नदी, समोर पनवेलची खाडी, मधे उलवे नदी होती तिचा प्रवाह वळवला, नव्वदेक मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर सुरुंग लावून फोडला आणि त्याचाच दगड खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, भरून जमीन उंच केली. म्हणजे जिथे पावसाचं आणि भरतीचं पाणी येऊन थांबायचं तीच जागा आपण भरून घेतली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इथलं नियोजन चांगलं की वाईट हे विजेच्या युनिटवर नाही, पाण्यावर ठरणार आहे.

नोव्हेंबर २०१० ला पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा जयराम रमेश मंत्री होते आणि बरीच ओढाताण झाली होती. गढी नदी वळवायची नाही असं ठरलं, त्यासाठी दोन धावपट्ट्यांमधलं अंतर कमी करून दीड किलोमीटरच्या आसपास आणलं. वाघिवलीला २४५ हेक्टर तिवरांचं उद्यान, मोहा खाडीजवळ आणखी ६० हेक्टर आणि गढी नदी ते रेल्वेलाइनच्या पट्ट्यात ३१० हेक्टर जागेवर बांधकाम नाही, अशा अटी होत्या. आता पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी आहे आणि शेवटी ९ कोटींपर्यंत जायचंय. म्हणजे अजून खूप बांधकाम बाकी आहे, त्यामुळे प्रश्न विचारायची वेळ आत्ताच आहे. जाणकारांनी लिहा.

युनिट_मोजणारा
चांगला धागा. मी सोलर प्रकल्पांवर काम करतो, तर आधी विजेचा हिशोब मांडतो, सगळे आकडे ढोबळ आहेत. आपल्याकडे १ मेगावॅट वर्षाला साधारण १४ लाख युनिट देतं, कोकणात पावसाळ्याचे चार महिने मार खातात तरी एवढं धरूया. ४७ मेगावॅटचे झाले साडेसहा कोटी युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला ४५-४६ हजार टन वाचला. छोटा आकडा नाहीये हा.

आता दुसरी बाजू. मुंबई-लंडन मोठ्या विमानाला एका वेळी ढोबळमानाने ५० टन इंधन लागतं. एक किलो विमान इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एका फेरीचे १५८ टन. रोज एक फ्लाइट, फक्त जाण्याची, वर्षभर केली की ५७ हजार टन. म्हणजे सगळी पॅनेल मिळून वर्षभर जे वाचवतील ते लंडनच्या एका रोजच्या फ्लाइटमध्ये संपून वर जातं. पॅनेल लावू नका असं मी म्हणत नाहीये, माझं पोटच त्यावर आहे, लावलीच पाहिजेत. पण विमानतळाचं स्वतःचं उत्सर्जन आणि विमानांचं उत्सर्जन ह्या दोन वेगळ्या वह्या आहेत आणि जाहिरातीत फक्त पहिलीच दाखवतात. विमानतळांसाठी जी कार्बन प्रमाणपत्रं असतात ना, त्यातसुद्धा 'न्यूट्रल'चा, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा भरून काढल्याचा, शिक्का मिळतो तो मुख्यतः विमानतळ कंपनीच्या स्वतःच्या वीज, डिझेल वगैरेवर. विमान उतरताना आणि चढतानाचं उत्सर्जन खरं धरलं जातं ते वरच्या पातळ्यांमध्ये. तेव्हा कुठलाही विमानतळ 'आम्ही न्यूट्रल' म्हणाला की कुठली पातळी, एवढं विचारायचं.

रॅम्पवाले_अप्पा
युनिटराव हिशोब बरोबर आहे पण त्याने निराश होऊ नका, जमिनीवर करण्यासारखं पुष्कळ आहे. माझी सगळी नोकरी विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, गेली. प्रवाशांना दिसत नाही पण विमान स्टँडवर उभं असताना शेपटीतलं छोटं इंजिन चालू असतं, एपीयू म्हणतात, त्याच्यावर आतला एसी आणि लाइट चालतात. ए-३२० सारख्या विमानाचं एपीयू ताशी शंभर-सव्वाशे किलो इंधन खातं, आणि आवाज एवढा की कानात प्लग नसेल तर शेजारी उभं राहवत नाही. स्टँडवरच जमिनीतून वीज आणि गार हवेचा पाइप दिला की ते बंद करता येतं. पण गंमत अशी की सोय असून भागत नाही. टर्नअराउंड, म्हणजे विमान येऊन परत निघेपर्यंतचा वेळ, असतो पाऊण तासाचा, गार हवेचा पाइप जोडायला माणूस कमी, पाइप गळका, आत प्रवासी उकाड्याने ओरडतात, मग कॅप्टन एपीयू चालू ठेवायला सांगतो. म्हणून नुसतं 'सोय आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, किती टक्के विमानांनी प्रत्यक्षात जोडलं तो आकडा मागा.

दुसरं टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण एकमेकींना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. जगातल्या सगळ्यात गर्दीच्या एक-धावपट्टी विमानतळांत तो धरला जातो. संध्याकाळी विमानं वर घिरट्या घालत बसतात आणि खाली रांगेत उभी असतात, जमिनीवर नुसतं रांगेत मिनिटाला दहा-बारा किलो जातं. नवी मुंबईने हा ताण कमी झाला तर तेवढं इंधन वाचेल, हा फायदा खरा आहे आणि तो ह्या चर्चेत धरलाच पाहिजे. नवीन विमानतळाला रांग लागायच्या आधीच ट्रॅक्टर, बेल्ट लोडर, बस, सगळं बॅटरीवर घ्यायला हवं. जुन्या ठिकाणी डिझेलची गाडी दहा वर्षं चालते म्हणून कोणी बदलत नाही. इथे पाटी कोरी आहे.

वाघिवलीचा_पोर
मी विस्थापित दहा गावांतल्या एका गावचा, आता पुष्पक नगरला ऱ्हातो. खाडीवारा दादा, तुमी पाण्याचं लिवलं म्हणून लिवतोय. आमचे आजे खाडीत जिताडा, खेकडी, कोलंबी धरायचे, भरतीची वेळ घड्याळात नाय बघायचे. खारं पानी अडवनारा खारबांध गावानं मिळून राखायचा, उघाडी म्हंजे बांधातली पान्याची झडप कधी उघडायची कधी बंद करायची त्याला मानूस ठरलेला असायचा, कारन उघाडी चुकली की खारं पानी भातात. आता बांध नाय, उघाडी नाय, भराव हाय. पारगाव, डुंगीच्या लोकांची तक्रार हीच हाय की भराव झाल्यापासून पावसात पानी घरात येतं, आदी येत नव्हतं. ती गावं विमानतळाच्या कुंपनाच्या भायेर, म्हणून विमानतळाच्या पानी-नियोजनात धरली का नाय ते आमाला कोनी सांगत नाय.

आनि एक. तीन हजाराच्या आसपास कुटुंबं उठली. शाश्वत म्हंजे फकस्त झाडं आनि बॅटरीची गाडी नाय. आमच्या पोरांना आत लोडरचं काम मिळतंय कंत्राटावर, पन विजेचं, एसीचं, अग्निशमनाचं ट्रेनिंग घेऊन कायम नोकरी किती जनांना, ते पन ह्या हिशोबात आलं पायजे. जमिनीसाठी जासई-नवघरला १९८४ ला पाच जन गोळीबारात गेले, आमचे पुढारी दि. बा. पाटलांनी लढून साडेबारा टक्के विकसित जमीन मिळवली, तेवा कुठं आमाला कोनी विचारायला लागलं. ह्या जमिनीचा हा इतिहास सोडून नुसता कार्बन मोजू नका.

खाडीवारा
दादा, हे तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. उघाडीचा मुद्दा तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतोय, त्यावर पुढे लिहितो.

पेरियारकाठी
मी कोचीला नोकरीनिमित्त राहते, मूळची चिपळूणची. इथल्या विमानतळाचं उदाहरण सगळेच देतात, ऑगस्ट २०१५ मध्ये ४५ एकरांवर १२ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला आणि पूर्ण सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून नाव झालं. दिवसा जास्तीची वीज राज्याच्या ग्रिडला द्यायची आणि रात्री तेवढी परत घ्यायची, बँकेत ठेव ठेवल्यासारखी. पॅनेलखाली भाजी पिकवतात, पॅनेल धुतलेलं पाणीच भाजीला मिळतं. २०१८ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला.

आणि त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये पेरियारला पूर आला, धावपट्टी पाण्याखाली गेली, कुंपणाची भिंत पडली, पॅनेलचंही नुकसान झालं आणि १५ ते २९ ऑगस्ट विमानतळ बंद होता. ऐन ओणममध्ये. छोटी विमानं नौदलाच्या तळावरून उडवावी लागली. एकाच वर्षात जगातला मानाचा पुरस्कार आणि दोन आठवडे बंद! नंतर त्यांनी 'ऑपरेशन प्रवाह' नावाने आजूबाजूचे ओढे आणि कालवे साफ करणं, पूल बांधणं अशी कामं हातात घेतली, आणि ती कुंपणाच्या बाहेरची आहेत हे लक्षात घ्या. वाघिवलीच्या दादांनी विचारलेला प्रश्न तोच आहे. विमानतळ कोरडा ठेवायचा तर शेजारचं गाव कोरडं ठेवावं लागतं. चिपळूणचा २०२१ चा पूर आमच्या घरच्यांनी माळ्यावर बसून काढला, त्यामुळे ह्या विषयावर मला शांतपणे बोलता येत नाही.

हार्लेममधून
पेरियारकाठी, खूप महत्त्वाचं लिहिलंत. मी अ‍ॅमस्टरडॅमजवळ राहतो. इथला स्किपोल विमानतळ मुळात एका तलावाच्या तळावर आहे, एकोणिसाव्या शतकात पंपांनी तलाव उपसून जमीन केली, आजही तो समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे. इथे कुठलंही नवीन बांधकाम करताना जेवढी जमीन झाकाल त्याच्या ठरावीक प्रमाणात पाणी साठवायला जागा दाखवावी लागते. आधी पाण्याची जागा, मग इमारतीचा नकाशा. आपल्या नवी मुंबईलासुद्धा शहर वसवणाऱ्या सिडकोने वाशी, नेरूळ, बेलापूरला धारण तलाव केले ते ह्याच धर्तीवर. भरतीला झडपा बंद, ओहोटीला उघड्या. कल्पना चांगली होती पण गाळ काढला नाही आणि आता त्यात तिवरं वाढलीत म्हणून गाळ काढायलाही कोर्टाची परवानगी लागते. म्हणजे बांधण्याइतकंच पुढची वीस-तीस वर्षं ते कोण सांभाळणार हेही नियोजनात लिहिलेलं पाहिजे. सिंगापूरने चांगीचं पाचवं टर्मिनल समुद्रसपाटीपासून साडेपाच मीटरवर बांधायचं ठरवलंय, पुढे वाढणाऱ्या समुद्राचा विचार करून.

अजून एक गोष्ट, आवाजाची. स्किपोलजवळ लोकांच्या लक्षात आलं की पिकं काढून शेत नांगरलं की विमानांचा जमिनीवरचा आवाज कमी येतो. त्यावरून २०१३ मध्ये धावपट्टीच्या बाजूला मातीच्या उंच-सखल सऱ्यांचा एक मोठा बाग केला, आवाज त्या सऱ्यांत अडतो आणि लोक तिथे फिरायला पण जातात. उलवे, पनवेल, कामोठेच्या बिल्डिंगमध्ये आता रात्री आवाजाच्या तक्रारी सुरू होतील. उड्डाणांचे मार्ग आणि रात्रीच्या वेळा ठरवताना लोकांना आधी विचारा, इथे नंतर विचारलं म्हणून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत.

शेवरी_ते_ऐरोली
पक्ष्यांचा विषय कोणीच काढला नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे, नेरूळचे पाणथळ तलाव त्या पक्ष्यांची भरतीच्या वेळची बसायची जागा. खाडीत चिखल उघडा असेल तेव्हा ते खातात, भरती आली की तलावात येतात. तलाव बुजवले तर पक्षी नाहीसे होत नाहीत, नवीन जागा शोधत आकाशात फिरतात, आणि आता त्या आकाशात विमानं आहेत. मे २०२४ ला घाटकोपरला एका विमानाच्या धडकेत तीसच्या वर फ्लेमिंगो मेले ते आठवत असेलच, नवी मुंबई विमानतळ तर तेव्हा चालूही नव्हता. म्हणून नेरूळचे तलाव वाचवणं हा पक्षीप्रेमींचा हट्ट नाही, तो विमान सुरक्षेचा भाग आहे असं मी पोटतिडकीने सांगतोय.

त्याचबरोबर नियमानुसार विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघडा कचरा टाकायला आणि उघड्यावर जनावरं कापायला बंदी असते, कारण घारी आणि बगळे. ह्या १० किलोमीटरमध्ये पनवेल, उलवे, खारघर, बेलापूर, नेरूळ सगळं येतं. मासळी बाजारांची घाण आणि मोकळ्या प्लॉटवरचा कचरा महापालिका आणि सिडको उचलणार नसतील तर विमानतळाच्या आत कितीही चकाचक ठेवून काय उपयोग.

उसाचा_पट्टा
इंधनाबद्दल थोडं. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान देशात बनलेलं शाश्वत इंधन मिसळून उडालं होतं, इंधन तयार करण्यात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजचा हात होता. सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के असं उद्दिष्ट ठेवलंय. युरोपात २०२५ पासून २ टक्के सक्तीचं आहे आणि २०५० ला ७० टक्के. आमच्या सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांना ह्यात मोठी संधी दिसतेय. पण मी स्वतः ऊस लावतो म्हणून सांगतो, ऊस पाणी पितो. मळीपासून केलं तर ठीक, पण विमानासाठी म्हणून दुष्काळी तालुक्यात नवा ऊस उभा राहिला तर ते कसलं शाश्वत? वापरलेलं तेल, पाचट, शेतातला काडीकचरा ह्यापासून किती आणि उसापासून किती, ते आधी ठरवा.

सासवडचा_अंजीरवाला
आम्ही पुरंदरचे. आमच्या सात गावांवर विमानतळाचं आरक्षण आहे, हा धागा घरी सगळ्यांनी वाचला. आमच्याकडे खाडी नाही पण अंजीर आणि सीताफळ आहे, ओढे आहेत, विहिरी आहेत. विमानतळ झाला तर त्याचं पाणी कुठून येणार हा आमचा पहिला प्रश्न आहे. अशी मंजुरीची कागदपत्रं सामान्य माणसाला वाचायला कुठे मिळतात?

खाडीवारा
पुरंदरकर दादा, पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी किती पाळल्या त्याचा अहवाल द्यावा लागतो आणि तो लोकांना बघायला उपलब्ध असायला हवा. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर मंजुरीपत्र आणि बाकी कागद शोधता येतात. तुमच्याकडे जनसुनावणी होईल तेव्हा आधी ते मंजुरीपत्र काढून वाचा, नवी मुंबईच्या अटींची यादी तुम्हाला नमुना म्हणून उपयोगी पडेल. गोव्यातल्या मोपा विमानतळाचंही वाचा. तिथे सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण मंजुरी थांबवून तज्ज्ञ समितीला परत तपासायला लावली होती, मग जानेवारी २०२० ला जास्तीच्या अटींसह परवानगी दिली. म्हणजे लोकांनी कागद नीट वाचले तर फरक पडतो.

आता पाण्याबद्दल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिकडे मिठी नदी धावपट्टीच्या खालून जाते, तिला विमानतळासाठी काटकोनात वळवलंय, आणि त्या पुराची चौकशी करणाऱ्या चितळे समितीने मिठीतल्या अडथळ्यांवर सविस्तर लिहिलं. ते सगळं माहीत असूनही आपण दुसरा विमानतळ दोन नद्यांच्या तोंडाशी बांधलाय. तर मला पुढच्या टप्प्याआधी एवढं हवंय : एवढा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर विमानतळाच्या आत नाही, बाहेर पारगाव, डुंगी आणि पनवेल शहरात पाणी किती चढेल त्याचा नकाशा लोकांसमोर ठेवा. वळवलेल्या उलवे नदीच्या पात्रातला गाळ दरवर्षी मे महिन्यात मोजा. आणि जिथे झडपा आहेत तिथे त्या उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या टीममध्ये ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उघाडीचं काम होतं अशी गावातली माणसं पगारावर घ्या.

रॅम्पवाले_अप्पा
हे शेवटचं मला फार पटलं. आणि लोकांना गाडीशिवाय विमानतळावर कसं पोचता येईल तेही यादीत घाला. अटल सेतूवरून एकेक माणूस एकेक टॅक्सी करून आला तर आम्ही एपीयू बंद करून वाचवलेलं सगळं पुलावर जाईल. नेरूळ-उरण लोकल एवढ्या जवळून जाते, शेवटच्या टप्प्याची बस लोकलच्या वेळेला जुळवून सोडा, रात्रपाळीच्या कामगारांसाठी पण. रोज येणारे-जाणारे तेच आहेत.

वाघिवलीचा_पोर
खाडीवारा दादा, नकाशा मागायला लेखी अर्ज करायचा असंल तर पुष्पक नगर आनि डुंगीतून सह्या मी गोळा करतो. आमच्यात दोन वयस्कर मानसं हायेत ज्यांनी उघाडी सांभाळलीय, २००५ ला पानी कुठवर आलं ते घराघरात खुना दाखवून सांगतील. ते लिवून घ्यायला कोनीतरी या, पावसाच्या आदी.

युनिट_मोजणारा
मी येतो. माझ्याकडे लेव्हल मोजायचं यंत्र आहे, प्रत्येक खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची घेऊन नकाशावर टाकूया. पुढच्या रविवारी सकाळी, ओहोटीची वेळ बघून दादा तुम्हीच सांगा किती वाजता.

वाघिवलीचा_पोर
साडेसातला या. डुंगीच्या मारुतीच्या देवळापासून सुरू करू.